प्रश्न वाचकांचे : अजगराचे पिल्लू अचानक का गेले?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सादर नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. माझा मुलगा बारावीत शिकतो आणि त्याला लहानपणापासून सरपटणाऱ्या प्राण्यांची ओढ आहे. वर्षभर वाचन करून, आमच्याशी वाद घालून आणि अखेर आम्हाला पटवून त्याने गेल्या नोव्हेंबरमध्ये बॉल पायथन जातीच्या अजगराचे एक पिल्लू रीतसर कागदपत्रांसह घरी आणले. रंगावरून त्याचे नाव काजू ठेवले. त्याची काचपेटी, हीट मॅट, थर्मोस्टॅट, आर्द्रता मोजण्याचे यंत्र हे सारे मुलाने स्वतःच्या बक्षिसाच्या पैशांतून घेतले होते. दर आठवड्याला तो काजूचे वजन करी आणि खाणे, कात, तापमान यांची नोंद एका वहीत ठेवी. सुरुवातीला घाबरणारी मीही पुढे पुढे त्याच्या पेटीत पाणी ठेवू लागले होते.

जुलैमधील एका सकाळी काजू पाण्याच्या भांड्याशेजारी निश्चल पडलेला आढळला. आदल्या आठवड्यात त्याने नेहमीसारखा उंदीर खाल्ला होता, त्याआधी एकसंध कात टाकली होती आणि वजनही वाढत होते. तोंडाशी फेस नव्हता, अंगावर भाजल्याची खूण नव्हती. कुणाच्या तरी सांगण्यावरून मुलाने त्याला फ्रीजरमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांकडे नेले. त्यांनी शरीर उघडून पाहिले, पण डोळ्यांना दिसण्यासारखे काही सापडले नाही, आणि गोठल्यामुळे पुढची तपासणी फारशी उपयोगी पडणार नाही, असे त्यांनी सांगितले. आम्ही काजूला परसात पुरले.

तेव्हापासून मुलगा रात्र रात्र ती वही उघडून बसतो. त्या रात्री दोन तास वीज गेली होती म्हणून असे झाले का, संध्याकाळचे पाणी बदलायचे राहिले म्हणून झाले का, शेजारच्या खोलीत डासांची कॉइल लावली होती त्यामुळे झाले का, हेच तो पुन्हा पुन्हा विचारतो. सासूबाई म्हणतात, नागपंचमी तोंडावर असताना घरात साप मेला, काहीतरी शांती करून घ्यावी लागेल. शेजारच्या बाई म्हणाल्या, कुत्रामांजर असते तर समजले असते, सापासाठी कसले एवढे रडायचे. त्यानंतर मुलाने घरात या विषयावर बोलणेच सोडले आहे. नेमके काय झाले असेल आणि त्याला कसे सावरावे, हे कृपया सांगावे.
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, तुमच्या मुलाच्या दुःखाविषयी लिहिण्याआधी मला काजूच्या मृत्यूविषयी लिहू द्या, कारण मुलाचे मन जिथे अडकले आहे तिथे नुसत्या सांत्वनाचा उपयोग होणार नाही. तो कारण शोधतो आहे. त्याच्या शोधाला गंभीरपणे घेणारे कुणीतरी त्याला भेटायला हवे. तुमच्या पत्रातील नोंदी मी केसपेपर म्हणूनच वाचल्या आहेत आणि हे उत्तर त्याला वाचायला द्यावे, अशी माझी विनंती आहे.

पहिली नोंद कातेची. पेटीतील हवा दीर्घकाळ कोरडी राहिली, तर या जातीच्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचे पातळ आवरण तसेच चिकटून राहते. काजूची कात डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध निघाली, याचा अर्थ त्याला आर्द्रता पुरेशी मिळत होती आणि शरीरात पाण्याची कमतरता नव्हती. दुसरी नोंद वजनाची. उपासमार, जंतांचा मोठा प्रादुर्भाव किंवा पोटाचा दीर्घ आजार असता, तर आठवड्याआठवड्याच्या आकड्यांत घसरण दिसली असती आणि खाल्लेले उलटून टाकण्याचे प्रकार घडले असते. तसे काही झालेले नाही. तिसरी नोंद कातडीची. हीट मॅटचा थर्मोस्टॅट बिघडला तर पोटाखाली लालसर चट्टे, फोड किंवा कडक झालेले खवले सापडतात, कारण खालून मिळणाऱ्या उष्णतेपासून साप वेळीच बाजूला होईलच असे नसते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनाही तसे काही दिसले नाही. खाणे, पाणी, ऊब आणि ओलावा या चारही गोष्टींची साक्ष तुमच्या मुलाच्या बाजूने आहे.

आता त्याच्या तीन शंका. जुलै महिन्यात गोव्यात घराच्या आतले तापमान रात्रीही सहसा तेवीस-चोवीस अंशांच्या खाली जात नाही. बॉल पायथनला पेटीच्या उबदार टोकाला एकतीस ते तेहतीस आणि थंड टोकाला पंचवीस-सव्वीस अंश लागतात हे खरे, परंतु दोन तास वीज गेल्यामुळे एखादी रात्र थोडी गार गेली तर साप सुस्त होतो, पचन मंदावते, इतकेच. तेवढ्याने तो मरत नाही. आठवडेच्या आठवडे तो गारठ्यात आणि ओल्या बिछायतीवर राहिला असता तर फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकला असता. पण मग तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासाबरोबर घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी चिकट स्राव अशी लक्षणे आधी दिसली असती. पाण्याच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. भांड्यात पाणी होते, ते एका संध्याकाळी बदलले गेले नाही, म्हणून कुठलाही साप दगावत नाही.

कॉइलची शंका मात्र पूर्णपणे अस्थानी नाही आणि ती मी झटकून टाकणार नाही. डासांच्या कॉइलमध्ये आणि विजेवर चालणाऱ्या द्रवांमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने असतात आणि सरपटणारे प्राणी या वर्गाच्या बाबतीत नाजूक असतात. याच वर्गातील फवारा पेटीत किंवा थेट अंगावर मारल्याने साप दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना ठाऊक आहेत. परंतु अशा विषबाधेत सापाला कंप सुटतो, स्नायू फडफडतात, उलटे केल्यास त्याला सरळ होता येत नाही. शेजारच्या खोलीतील एका कॉइलच्या धुराने, मागे कोणतीच खूण न ठेवता, वाढत्या वजनाचे निरोगी पिल्लू एका रात्रीत जाईल, ही शक्यता मला फार कमी वाटते. पुढे कधी साप पाळलाच, तर त्या खोलीत कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी. ती पुढची खबरदारी झाली. काजूच्या मृत्यूचा ठपका कॉइलवर ठेवण्याइतका आधार आपल्याजवळ नाही.

मग उरते काय? पिल्लांच्या अशा अचानक मृत्यूमागे पशुवैद्यक प्रामुख्याने तीन गोष्टींचा विचार करतात आणि त्या तिन्ही बहुधा पाळणाऱ्याच्या हाताबाहेरच्या असतात. पहिली म्हणजे जन्मजात दोष. या सापाची अंडी सुमारे एकतीस-बत्तीस अंश तापमानात साधारण पंचावन्न ते साठ दिवस उबवली जातात. त्या काळातील तापमानातील चढउतार, किंवा विशिष्ट रंगांसाठी जवळच्या नात्यातील साप पुन्हा पुन्हा एकत्र आणणे, यांमुळे हृदयात, यकृतात किंवा मूत्रपिंडात असा दोष राहू शकतो की जो पिल्लू लहान असेपर्यंत निभावून जातो आणि शरीर वाढू लागले की निभावत नाही. दुसरी गोष्ट विषाणूंची. अजगरांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा निडोव्हायरस २०१४ मध्ये बॉल पायथनमध्येच प्रथम वर्णिला गेला. आता त्याला सर्पेंटोव्हायरस असेही म्हणतात. त्याची लागण झालेला साप कित्येक महिने ठणठणीत दिसू शकतो, आणि घशातील स्रावाची पीसीआर तपासणी केल्याखेरीज ती लागण ओळखता येत नाही. पिल्लू घरी आले तेव्हाच त्याच्या शरीरात असा विषाणू असेल, तर तुमच्या मुलाने कितीही जपले असते तरी त्याला ते कळले नसते. तिसरी गोष्ट रक्तात पसरणारा जिवाणूंचा संसर्ग. इवल्याशा शरीरात तो फार वेगाने पसरतो आणि बाहेरून दिसणारे लक्षण उमटेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

या तिघांपैकी नेमके कोणते, हे आता सांगता येणार नाही. मी अंदाजाने एक कारण निवडून दिले असते तर मुलाला कदाचित आजची रात्र बरी गेली असती, पण तो चौकस आहे. उद्या त्याला त्या उत्तरातील फट दिसली असती आणि माझ्यावरचा त्याचा विश्वास उडाला असता.

साप आजार लपवतो, हेही त्याला सांगावे. रानात अशक्त दिसणारा प्राणी आधी भक्ष्य होतो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट दिसणे हे त्याच्या जगण्याचे साधन आहे. शिवाय त्याला पापण्या नाहीत, चेहऱ्यावर भाव नाहीत आणि श्वासपटल नसल्यामुळे खोकताही येत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते आणि आपल्याला काहीतरी कळते. सापाच्या बाबतीत वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्यांनाही कित्येकदा कळत नाही. मुलगा वहीत जो चुकलेला क्षण शोधतो आहे तो वहीत नसण्याचीच शक्यता अधिक आहे, कारण काजूने बहुधा असे काही दाखवलेच नाही की जे लिहून ठेवता आले असते.

फ्रीजरविषयी थोडे लिहितो, कारण हे इतर वाचकांच्याही उपयोगाचे आहे. पाळलेला सरपटणारा प्राणी निश्चल आढळल्यास तो खरोखरच मृत आहे याची खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. थंडाव्याने गारठलेला साप मृतासारखा भासू शकतो, आणि उलट मृत्यूनंतरही काही काळ त्याचे हृदय आकुंचन पावत राहू शकते. खात्री झाल्यावर मृतदेह पिशवीत घालून फ्रिजच्या साध्या कप्प्यात, म्हणजे सुमारे चार अंशांवर ठेवावा आणि शक्य तर चोवीस तासांच्या आत तपासणीला न्यावा. गोठवल्यास पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होऊन त्यांची रचना मोडते, आणि ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी अवघड होते. परंतु सतरा वर्षांच्या मुलाने, गोव्याच्या दमट हवेत आपल्या लाडक्या जिवाचे शरीर कुजू नये म्हणून जे सुचले ते केले, याबद्दल त्याला कुणी एक शब्दही बोलू नये. योग्य रीतीने ठेवलेल्या सापाच्या संपूर्ण तपासणीनंतरही अहवालात ‘मृत्यूचे कारण निश्चित करता आले नाही’ असे वाक्य येणे मुळीच दुर्मीळ नाही. फ्रीजरमुळे त्याच्या हातून उत्तर निसटले, असे त्याला वाटत असेल तर ते कृपया दुरुस्त करा. निसटली ती उत्तराची एक शक्यता.

आता दुःखाविषयी. शेजारच्या बाईंचे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येते आणि ते फार दुखावणारे आहे. सापाला माणसाची माया कळते का, हा वाद मी इथे घालणार नाही. तुमच्या मुलाने आठ महिने रोज एका जिवाचा विचार केला, त्याच्या उबेसाठी वीज गेली तरी जागा राहिला, त्याच्यासाठी स्वतःचे पैसे वेचले. ही माया त्या मुलाच्या मनात घडली आहे आणि तुटली आहे तीही तिथेच. काजू त्याला ओळखत होता की नव्हता, यावर त्या दुःखाचे वजन ठरत नाही. शिवाय हे साप पाळलेले असताना वीस ते तीस वर्षे जगतात. महाविद्यालय, नोकरी, स्वतःचे घर या साऱ्यांत काजू बरोबर असेल असे चित्र त्याने मनाशी रंगवले असणार, आणि ते सारेच त्या सकाळी गेले.

त्याला घरात एक तरी माणूस असे हवे की ज्याच्यासमोर काजूचे नाव काढता येईल. ते माणूस तुम्हीच होऊ शकता, कारण तुम्ही स्वतः त्या पेटीत पाणी ठेवत होतात आणि तुम्हालाही चुकल्यासारखे वाटत असणार. ते त्याला सांगा. आईसुद्धा काजूसाठी रडली, हे कळल्याने मुलगा खचत नाही. उलट या घरात आपण एकटे नाही, एवढे त्याला समजते. ‘दुसरा आणू’ हे मात्र इतक्यात म्हणू नका. वहीही हिसकावून घेऊ नका. एखाद्या दुपारी, रात्री नव्हे, त्याच्याशेजारी बसून त्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याकडून लिहून घ्या : काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि काय आता कधीच कळणार नाही. वर मी ज्या नोंदींचा अर्थ लावला आहे त्या त्याने पहिल्या भागात स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात. तिसरा भाग लिहिताना त्याला जड जाईल. तेव्हा घाई करू नये, अर्धवट राहिला तरी राहू द्यावा.

त्याची झोप आणि जेवण दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर आले नाही, तो अभ्यास आणि मित्र यांपासून पूर्ण तुटू लागला, किंवा स्वतःला शिक्षा करण्याची, जगणे नको झाल्याची भाषा एकदा जरी त्याच्या तोंडून निघाली, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि अहोरात्र चालू असतो, आणि बांबोळीला मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, जिला आपण सारे आयपीएचबी म्हणून ओळखतो. प्राण्याच्या मृत्यूसाठी तिथे कसे जायचे, असा संकोच बाळगू नये.

सासूबाईंच्या बोलण्याविषयी मी जपून लिहितो, कारण त्यांची श्रद्धा आणि त्यांची काळजी ही दोन्ही मला खरी वाटतात. आपल्या गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, नागपंचमीला घरोघर नाग पुजला जातो आणि हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांचा नैवेद्य दाखवला जातो. सापाविषयीचा हा आदर आपल्या मातीत आहे. काजूच्या जातीचे मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिका. तिथेही हे साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतात. बेनिन देशातील विदा या गावी त्यांचे देऊळ आहे, आणि नायजेरियातील इग्बो लोकांच्या काही गावांत चुकून अजगर मारला गेला तर त्याला पेटीत ठेवून माणसासारखा निरोप देण्याची रीत आहे. सर्पदोषाची भीती आपल्याकडे सांगितली जाते ती सापाला मारणाऱ्यासाठी, त्याचे वारूळ मोडणाऱ्यासाठी. तुमच्या घरात एक साप आठ महिने जपला गेला आणि मेल्यावर सन्मानाने मातीत ठेवला गेला. हे सासूबाईंना त्यांच्याच शब्दांत समजावून सांगता येईल. त्यांना नागपंचमीला काजूसाठी एक पातोळी वेगळी ठेवावीशी वाटली तर जरूर ठेवू द्या, मुलालाही कदाचित ते आवडेल. फक्त ‘शांती’ हा शब्द त्याच्या कानावर अशा रीतीने पडू नये की त्यातून त्याला आपला अपराध सिद्ध झाल्यासारखे वाटेल. एवढी काळजी मात्र तुम्हाला घ्यावी लागेल आणि त्यासाठी सासूबाईंशी एकदा मुलाच्या अपरोक्ष बोलावे लागेल.

एक कोरडे काम उरते. बॉल पायथन ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींमध्ये मोडते. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर, कलम ४९-एम नुसार, अशा प्राण्याच्या मालकीची, जन्माची आणि हस्तांतराची नोंद जशी करावी लागते तशी मृत्यूचीही खबर द्यावी लागते. ज्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर तुमची नोंदणी झाली असेल तिथेच हे काम होते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी दाखला घ्या आणि अडचण आल्यास वन खात्याच्या कार्यालयात चौकशी करा. हे काम वडिलांनी करावे, असे मी सुचवेन. मुलाला सहीपुरते बोलवावे.

प्रश्न : माझ्याकडील बॉल पायथनचे पिल्लू दोन महिन्यांपूर्वी कारण न कळता गेले. पेटी तशीच रिकामी ठेवली आहे. त्याच पेटीत दुसरे पिल्लू ठेवले तर चालेल का, आणि किती दिवस थांबावे? घरी माझा आणखी एक मोठा साप आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : कारण कळलेले नसते तेव्हा ते संसर्गजन्य होते असे धरूनच स्वच्छता करावी. पेटीतील बिछायत, लाकडाचे ओंडके, सालींचे तुकडे, नारळाच्या करवंटीचे आडोसे आणि छिद्रे असलेली प्रत्येक वस्तू टाकून द्यावी. ती धुऊन निर्जंतुक होत नाही. काच, प्लास्टिक आणि पाण्याचे भांडे आधी साबणाने घासून धुवावे, कारण घाण तशीच ठेवून जंतुनाशक लावल्यास ते काम करत नाही. त्यानंतर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असे मिश्रण निदान दहा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. ब्लीचमध्ये फिनेल किंवा दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये आणि हे काम उघड्या हवेत करावे. अजगरांचे बहुतेक श्वसनविषाणू यात टिकत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्याचा परजीवी मात्र ब्लीचला दाद देत नाही, त्याच्यासाठी उकळते पाणी किंवा वाफ आणि नंतर पूर्ण कोरडेपणा लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात काही कोरडे होणे हीच अडचण असते, म्हणून पेटी पुन्हा वापरायचीच असेल तर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहणे मला शहाणपणाचे वाटते.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरात दुसरा साप आहे, तर आधी त्याच्याकडे पाहावे. त्याच्या घशातील आणि गुदमार्गातील स्रावाची तपासणी करून घेता येते. नमुना पशुवैद्यकच घेतील आणि तो गोव्याबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, अशी तयारी ठेवावी. खवल्यांच्या फटींत आणि डोळ्यांभोवती माशीच्या विष्ठेएवढे काळे ठिपके हलताना दिसतात का, हेही पाहावे. ते सापांच्या अंगावरचे माइट नावाचे सूक्ष्म परजीवी असतात आणि ते एका सापाचा रोग दुसऱ्याकडे नेऊ शकतात. नवे पिल्लू आणलेच तर ते निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यांनी आणि भांड्यांनी सांभाळावे. रोज आधी निरोगी साप पाहावा आणि मग नवा, आणि दोन्हींनंतर हात साबणाने धुवावेत. हात धुण्याची गरज तुमच्यासाठीही आहे, कारण निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

पिल्लू पूर्वीच्याच विक्रेत्याकडून घेण्याआधी, त्याच वेळच्या अंड्यांतून निघालेली इतर पिल्ले कशी आहेत, हे त्याला सरळ विचारावे. प्रामाणिक माणूस या प्रश्नाने रागावत नाही, आणि तुमच्याकडील मृत्यूची माहिती मिळणे त्याच्याही हिताचे असते. आणखी एक. रिकामी पेटी पाहवत नाही म्हणून नवा साप आणू नये. पेटी पाहवत नसेल तर ती धुऊन, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. नव्या पिल्लाकडे गेलेल्या पिल्लाच्या धास्तीशिवाय पाहता येईल असे वाटू लागले की मगच दिवस ठरवावा.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग आहे. पावसाच्या सुरुवातीला माझ्या दहा वर्षांच्या मुलीला माडाखाली बोटाएवढे सापाचे पिल्लू सापडले. तिने ते बरणीत ठेवून सांभाळले, गांडुळे खायला दिली, पण चार दिवसांत ते मेले. आपल्यामुळेच ते मेले, असे ती म्हणते. तिला काय सांगू?
— एक वडील, वाळपई परिसर

उत्तर : खरे सांगा, पण तिच्या वयाला पेलेल इतके. काजूच्या आणि तुमच्या बरणीतील पिल्लाच्या मृत्यूत फरक आहे. काजू पेटीतच जन्मलेल्या सापांच्या पिढीतला होता. तुमच्याकडचे पिल्लू रानातले होते आणि बंद बरणीत त्याला जगता येत नाही. पकडले जाण्याचा ताण, कोंदट हवा, चुकीचे अन्न यांतले काहीही अशा इवल्या जिवाला पुरेसे असते. अनेक जातींच्या पिल्लांना गांडूळ हे अन्न म्हणून ओळखताही येत नाही. कुणाला बेडकाची पिल्ले लागतात, कुणाला पाली. मुलीला एवढेच सांगा की तिचा हेतू जपण्याचा होता, पण त्या पिल्लाला काय हवे ते तिला माहीत नव्हते आणि ते माहीत असण्याचे तिचे वयही नाही. ‘तुझा काहीच संबंध नाही’ असे खोटे सांगू नका, मुलांना ते ओळखता येते. पावसाच्या तोंडावर अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या रानातल्या पिल्लांपैकी थोडीच मोठी होतात, हेही तिला कळू द्या.

तुमच्यासाठी मात्र दोन गोष्टी ठामपणे लिहितो. आपल्या रानातील सापांना कायद्याने संरक्षण आहे. ते घरात ठेवता येत नाहीत, मग पिल्लू का असेना. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. बोटाएवढ्या पिल्लाची जात ओळखणे मोठ्यांनाही कठीण जाते. निरुपद्रवी कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार यांची गल्लत नेहमी होते, आणि घोणस, फुरसे, नाग यांच्या पिल्लांना जन्मतःच विष असते. तुमच्या मुलीने ते पिल्लू हातात धरले होते का, हे तिला न रागावता विचारा आणि शरीरावर कुठे टोचल्याची खूण नाही ना, हे पाहा. पुढे कधी कुळागरात पिल्लू दिसले, तर दोन पावले मागे सरून मोठ्यांना हाक मारायची, असे तिला शिकवा. साप घरात शिरला असेल तर वन खात्याला किंवा परिसरातील प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर कापणे, चोखणे, दोरी बांधणे यांत वेळ न घालवता तो अवयव हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलावून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

ती या सगळ्यानंतरही सापांविषयी विचारत राहिली, तर तिला या जूनमध्ये कुळागरात दिसलेल्या जिवांची चित्रे काढायला द्या आणि बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात एकदा घेऊन जा. तिथल्या कर्मचाऱ्यांना तिने तिचे सगळे प्रश्न विचारावेत, बरणीतल्या पिल्लाविषयीचा प्रश्नसुद्धा.